आमच्या अंगणातली पाटी

मध्यावधी निवडणुकीला अकरा दिवस उरले होते. पक्षाच्या कार्यालयात आमच्या गल्लीची मतदारयादी हातात पडली आणि मी सवयीप्रमाणे पहिली खूण आमच्याच घरावर करायला गेले. तीस वर्षांचा माझा शकुन आहे हा. आधी बर्निस कोवाच, मग वॉल्टर कोवाच, मग शेजारी. यंदा यादीत माझं एकटीचंच नाव होतं.

मला हसूच आलं. सकाळीच तो माझ्यासमोर दोन अंडी खाऊन उठला होता. कार्यालय सांभाळणाऱ्या थेल्माला म्हटलं, "अगं, तुमच्या यंत्रानं माझा नवरा गिळला बघ."

थेल्मा चष्मा पुसत बसली. "बर्नी, यादी बरोबर आहे. फक्त आपल्याच माणसांची असते ती. वॉल्टरनं मार्चमध्ये मतदारनोंदणीतला आपला पक्ष बदलला. तिकडे गेला तो."

"मार्चपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"रोज कुणी ना कुणी जातंय गं. पण तुला सांगायचं कुणी?"

म्हणजे चर्चच्या तळघरात पिरोगीच्या करंज्या भरताना मी आले की बायका गप्प व्हायच्या, त्या याचसाठी! मे महिन्यात उमेदवार ठरवायचं मतदान झालं. तिथे टेबलावर सगळ्यांदेखत ज्याच्या त्याच्या पक्षाची मतपत्रिका देतात. नेमका त्या दिवशी वॉल्टर कंबर धरून झोपला होता. मीच मेली त्याला शेक देत बसले होते.

घरी आले तर स्वारी अंगणात. वाऱ्यानं कललेली आमच्या उमेदवाराची पाटी हातोड्यानं ठोकून सरळ करत होता.

"मार्चपासून?" मी विचारलं.

हातोडा थांबला. "थेल्मा बोलली वाटतं."

"यादी बोलली."

"बर्नी, सत्तावीस वर्षं भट्टीपुढे काढली मी. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तुझ्या लोकांपैकी कुणी फाटकापर्यंत आलं नाही."

"मी नव्हते फाटकावर? तीन आठवडे सूप कोण वाटत होतं?"

"म्हणून तर तुला सांगायला तोंड नव्हतं."

"भांडले असते रे, चार दिवस बोलले नसते. पण मत तिकडे आणि हातोडा इकडे, हे कशाला?"

"पाट्या तुझ्यासाठी ठोकतो गं."

हे मात्र फार लागलं. नवख्या कार्यकर्त्यांना मी पहिला नियम हाच शिकवते की घरात दोन मतं असली तर अंगणात पाटी लावायची नाही. ती पाटी खोटी. चार वर्षांपूर्वी समोरच्या हेलन ह्राबिकचा नवरा तिकडे गेला, तेव्हा तिची पाटी मी माझ्या हातानं उपटली होती. ती दारात रडत उभी होती आणि मी वर ऐकवलं होतं, "आधी नवरा सांभाळ, मग पक्ष."

मी आमची पाटी धरून ओढली. वॉल्टरनं ती इतकी पक्की ठोकली होती की दोनदा जोर लावावा लागला.

"राहू दे ना, बर्नी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना मार्चपासून माहीत आहे."

पाटी काखेत मारून मी रस्ता ओलांडला आणि हेलनचं दार वाजवलं. तिनं आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर रडूच फुटलं.

"आत ये," हेलन म्हणाली. "आणि ती पाटी बाहेर ठेव. या घरात चालत नाही ती."