चोरीच्या सागावर बसून

वाडीला डांबरी रस्ता यावा म्हणून शिवलिंगनं मुखेडच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या होत्या. वनखात्याचा रोजंदारी राखणदार तो. माणूस सरळ, पण डोक्यात एकदा काही शिरलं की निघायचं नाव नाही. सुनेचं पहिलं बाळ बैलगाडीतच, अर्ध्या वाटेवर गेलं होतं. तेव्हापासून त्याला रस्त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

रस्ता झाला आणि जंगल त्याच रस्त्यानं निघालं. पूर्वी लाकूडचोर बैलगाडी आणायचे. धोंड्यांतून ती अशी खडखडायची की शिवलिंग जेवण उरकून, हात धुऊन, सावकाश जाऊन त्यांना गाठायचा. आता टेम्पो येतो, साग भरतो आणि ह्याचा चहा निवायच्या आत मुखेडला पोचतो. साहेब विचारायचे, "शिवलिंग, झोपला होतास का?" काय सांगणार? रस्ता वाईट म्हणावा, तर मागितला आपणच. चांगला म्हणावा, तर डोंगराला टक्कल पडत चाललेलं दिसतंय. विचार करकरून त्याचं डोकं भणभणायचं.

त्या दुपारी मात्र तो इरेला पेटला. वळणावर मोठाले दगड लोटले आणि झुडपामागं बसला. थोड्या वेळानं ताडपत्री झाकलेला टेम्पो आला आणि करकचून थांबला. शिवलिंगनं मागून ताडपत्री उचकटली. खाली साग, ताजा तोडलेला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, गाडी धरली! आमच्याच वाडीच्या भीमाची हाय. वळनावर या लवकर!"

फोन खिशात ठेवतो न ठेवतो तोच केबिनचं दार उघडलं आणि त्याची बायको सरजाबाई खेकसली, "आवं, दगडं काढा की आधी! सत्यशीलाला कळा सुटल्यात!"

शिवलिंग बघतच राहिला. सून सीटवर कशीबशी टेकलेली, ओठ दातांत धरलेला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. भीमा डोंगरातून उतरताना सरजाबाईनं हात केला आणि तो थांबला होता.

"काका, मला काय बोलायचं ते मागून बोला," भीमा खाली उतरून दगडाला भिडला. "हात लावा."

दोघांनी दगड हटवले. केबिनमध्ये जागा नव्हती, म्हणून शिवलिंग मागं चढला आणि ओंडक्यांवर बसला. गाडी अशी पळाली की पोटातलं पाणी हललं नाही. त्याला रस्त्यापुढं हात जोडावेसे वाटले आणि बुडाखालच्या सागाची लाजही वाटली. मुखेडच्या चौकात चहावाला ओरडला, "लई मोठा माल धरला की शिवलिंगराव!" त्यानं नुसतीच मान हलवली. हो म्हणालो की नाही, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

दवाखान्यात सत्यशीलाला मुलगी झाली आणि खणखणीत रडली. शिवलिंगही भिंतीला टेकून ढसाढसा रडला. डोळे पुसत बाहेर आला, तर टेम्पो लिंबाखाली तसाच उभा. पळायला भीमाला रग्गड वेळ होता. तो सत्यशीलाची कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. घाईत ती गाडीतच राहिली होती.

"आरं, तू कामून गेला न्हाईस?"

"पिशवी कुनापाशी देऊ मंग?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेब वळणावर येऊन उभे होते. "शिवलिंग, गाडी कुठं आहे?"

शिवलिंगनं फोन कानापासून लांब धरला. भीमानं साहेबांचा प्रश्न ऐकला होता.

"सांगा काका. मी पळून न्हाई जात. निस्तं येक सांगा. उद्या दुसऱ्या कुनाच्या सुनंनं हात केला अन् गाडीत माल आसला, तं मी थांबू का नको?"

फोनमध्ये साहेब हॅलो हॅलो करत होते. शिवलिंगला पहिलं बाळ जिच्यात गेलं ती बैलगाडी आठवली. उघडाबोडका डोंगरही आठवला. दोन्हींवर एकच उत्तर काही जमेना.

"थांबायचं रं बाबा," तो कसाबसा म्हणाला. मग फोन कानाला लावून, "साहेब, दवाखान्यात या. गाडी हितं हाय."

 भीमानं पिशवी दिली, पोरीचं नाव काय ठेवणार ते विचारलं आणि टेम्पोची किल्ली काढून शिवलिंगच्या हातावर ठेवली.