लाल म्हणजे कुठला?

"काका, हे काय करून ठेवलंत?" शिक्षिकाबाईंनी कोट काउंटरवर पसरला. लालभडक बाहीवर कोपरापाशी तपकिरी रफू डोळ्यांत भरत होता.

"दोरा बरोबर आहे," रफूवाला म्हणाला. "उजेडात धरून बघा."

"उजेडातच उभी आहे मी!"

मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोने शिवण थांबवून वर पाहिलं. तीस वर्षांत त्याचा रफू कुणाला सापडला नव्हता. कधी कधी त्यालाही सापडायचा नाही, आणि मग स्वारी दिवसभर हवेत असायची.

दीड महिन्यापूर्वी त्याला ताप आला, चार दिवसांत उतरला. त्यानंतर तो म्हणू लागला, दुकानातला दिवा मंद झालाय. त्याने दोनदा दिवा बदलला. "हल्लीचे दिवेच मेले तसले," असं म्हणून तिनेही री ओढली होती. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

त्याच संध्याकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर बाटलीचं लाल झाकण धरलं. "रंग कुठला?"

"मातकट," तो ठामपणे म्हणाला.

बायकोने मान फिरवली.

"डोळे चांगले आहेत. तापाच्या विषाणूनंतर त्यांच्यामागची नस सुजलीय. औषध देते. नजर बरीच सुधारेल, पण रंगांचं आत्ताच सांगता येत नाही."

"नसेला रफू नसतो का हो?" त्याने विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, तेव्हा तोही ओशाळला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्याने कोट मांडीवर घेतला. जुना दोरा बोटांनी चाचपत उसवला. बोटं शाबूत होती. मग त्याने लाल रिळांचा खण तिच्यापुढे सरकवला. चांगली अकरा रिळं होती.

"यातलं कुठलं, ते सांग. कोटाचा लाल कसा आहे? पिवळ्याकडे झुकतो की निळ्याकडे?"

तिने कोट दारात नेला. एकेक रीळ बाहीला लावून पाहिलं. चार सारखीच वाटली. पुन्हा पाहिलं, तर सहा.

"लाल आहे हो," ती म्हणाली. "चांगला लाल आहे."

"लाल म्हणजे कुठला, अगं?"

तिने पुन्हा एकेक रीळ बाहीवर धरलं. अखेर तिने एक रीळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने पुढे काही न विचारता दोरा ओवला आणि पहिला टाका घातला.