पिंपातली पिशवी

दर महिन्यासारखी आजही वीस-बावीस माणसं गोठा बघायला आली होती आणि गोठ्याची मालकीण दाराआड मूग गिळून उभी होती.

नवरा बाहेर रंगात आला होता. लोकांनी त्याचं नाव 'सेंद्रियमहाराज' ठेवलं होतं ते काही उगाच नाही. "दीड वर्षात दुकानातला एक कण या गोठ्यात आला नाही," लाल गाईच्या पाठीवरून हात फिरवत तो सांगत होता. "आपलं शेत, आपलं शेण, आपला चारा. बघा कातडी कशी चमकतेय!"

कातडी चमकत होती, यात खोटं काही नव्हतं. चाराही चांगलाच होता. फवारण्या थांबल्यापासून गाईंची पोटं बिघडत नव्हती, हे तिनंच पाहिलं होतं. पण पहिल्या उन्हाळ्यात त्याच गाई भिंती चाटायला, दावी चघळायला लागल्या, तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या जमिनीतच क्षार कमी आहेत, चाऱ्यात येणार कुठून?" नवरा ऐकेल तर शपथ! शेवटी तिनं क्षारांच्या भुकटीची पिशवी आणली, गोठ्यातल्या रिकाम्या पिंपात दडवली आणि रोज सकाळी मूठभर गाईंच्या आंबोणात, भिजवलेल्या खाद्यात कालवू लागली. गाई सुधारल्या, नवरा भाषणं देऊ लागला आणि ही बाई अडकली. खरं सांगावं तर त्याचं चारचौघांत हसं, गप्प बसावं तर लोकांची जनावरं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

कालच तिनं शेजारणीची गाय पाहिली होती. एकुलती एक, महाराजांचं ऐकून नुसत्या चाऱ्यावर ठेवलेली, व्यायला पंधरा दिवस राहिलेली. बसल्या जागेवरून भिंतीचा चुना चाटत होती.

ती शेजारीणच आता गर्दीतून पुढे आली. "भाऊ, माझी गाय आज उठलीच नाही. माझं चुकतंय कुठं?"

"धीर धरा," नवरा म्हणाला. आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

दाराआडून बायको मागे वळली. बस्स झालं! ती पिंपाकडे गेली आणि तिनं झाकण काढलं.

आत दोन पिशव्या होत्या. एक तिची, तळाला गेलेली. दुसरी कोरी करकरीत, शिवण न उसवलेली. ती तिनं आणलेली नव्हती, सकाळी तिथं नव्हतीही.

म्हणजे त्याला ठाऊक होतं! इतके दिवस ती स्वतःच्याच गोठ्यात चोरासारखी वावरली आणि हा सगळं माहीत असून गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. रागानं तिचे कान तापले.

कोरी पिशवी कडेवर घेऊन ती थेट गर्दीत शिरली. "धर गं. आधी डॉक्टरांना बोलाव, मग ही रोज मूठभर घाल. आमच्याही गाई हीच खातात. विचार यांना."

सगळे त्याच्याकडे वळले. "हो," तो खाली बघत म्हणाला. "पहिल्या उन्हाळ्यापासून."

शेजारीण पिशवी घेऊन धावतच सुटली. बायकोला त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

मागे उभा असलेला एक म्हातारा मात्र नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"माझी गेल्या महिन्यात गेली, पोरी," तो म्हणाला. "तेव्हाही होती ना ही पिशवी?"