भस्माविना गोठलेलं तूप

दिग्रसच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. तूपवाले महाराज भस्म टाकून सरकीच्या तेलाचं तूप करतात, ते खाल्लं की छातीचं दुखणं मुळापासून जातं, अशी हवा होती. अट एकच. डॉक्टरच्या गोळ्या महाराजांच्या परडीत टाकायच्या.

इंदुताईंच्या मुठीत नवऱ्याच्या गोळ्यांची पाकिटं घामेजली होती. शेजारी नवरा, भगवानराव बसले होते, चार पावलांत धापा टाकणारे. गोळ्या टाकाव्यात तर जीव खालीवर, न टाकाव्यात तर तूप मिळायचं नाही. बाईंची नुसती चुळबुळ चालली होती.

महाराजांनी धुनीवरच्या घंगाळातून पळीभर पिवळं तेल भगव्या फडक्यावरच्या परातीत ओतलं, वर चिमूटभर भस्म टाकलं. "कारखान्यात निकेलची भुकटी तेलाचं तूप करते. आमचं भस्म निकेलचा बाप हाये!"

बघता बघता तेल पांढरं पडून गोठलं. जयजयकार झाला आणि त्या भरात इंदुताईंची मूठ परडीवर उघडली.

"महाराज, निकेल तं नुसता मध्यस्थ असते," मागून मैत्रेयी बोलली. इंदुताईंच्या शेजारची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. "सोयरीक जमवते अन् बाजूले होते. तेलाशी लग्न लागते हायड्रोजनचं, बंद टाकीत, आचेवर, दाबाखाली. तुमचा हायड्रोजन कुठी हाये?"

"भक्तीत हाये!"

लोक हसले. इंदुताई मात्र कळवळून म्हणाल्या, "मंग गोठलं कसं व पोरी?"

"काकू, त्याच घंगाळातलं घ्या. भस्म नका टाकू."

चेले आडवे येईपर्यंत इंदुताईंनी पळी उचलून परातीच्या कोऱ्या कडेला ओतलीसुद्धा. मंत्र नाही, भस्म नाही. तेही पांढरं पडलं, गोठलं. महाराज मध्येच ध्यानाला बसले.

इंदुताईंनी बोटभर उचलून वास घेतला. "मायबाई! हे तं वितळवलेलं वनस्पती तूप व्हय! हिवाळ्यात माह्या डब्यात रोज गोठते, चुलीपाशी ठेवलं का पातळ."

मैत्रेयीनं परातीखालचं भगवं फडकं ओढलं. खाली बर्फाची लादी होती. "अन् हे छातीच्या रोग्याले चारून राह्यले!"

इंदुताईंनी परडी उचलून लोकांपुढे उपडी केली. "आपापल्या गोळ्या वळखा अन् घरी न्या. रोज चुलीपाशी पाहतो तेच इथं चमत्कार काहून वाटते आपल्याले? हात जोडायच्या आधी एकडाव भस्माबिगर करून पाहा!"

मग त्या खाली बसल्या आणि भगवानरावांना सकाळची राहिलेली गोळी पाण्यासोबत दिली.