धाकटीवरचं ऊन

"ते वाक्य काढ," आई म्हणाली.

"का?"

"काढ म्हणते ना. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितं का कुणी?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता. बाबाला जाऊन अठरा दिवस झाले होते. गुरुवारी त्याच्या संस्थेत शोकसभा होती, आणि तिथे वाटायच्या पत्रकाचा मजकूर त्याच्या विभागप्रमुख डॉक्टर आंके लोरेन्झ यांना बारा वाजेपर्यंत हवा होता. कच्चा मजकूर त्यांनीच पाठवला होता. वाचताना मला इथे जर्मनीत नोकरी सोडताना देतात त्या त्सॉयग्निसची, प्रशस्तिपत्राची, आठवण झाली. सगळं गुळगुळीत, सगळं समाधानकारक. 'डॉ. गुरुदत्त पेंढारकर, भूशास्त्रज्ञ. एकतीस वर्षं हवाई छायाचित्रांवरून जागृत ज्वालामुखींवर देखरेख. अचूकतेबद्दल ख्याती.'

त्याखाली मी घातलेलं वाक्य असं होतं: 'एप्रिल २००९मध्ये त्यांनी दिलेला इशारा चुकीचा ठरला. ती चूक त्यांनी स्वतः शोधली आणि स्वतः कळवली.'

टेबलावरच्या फोनमधून चारुदत्तकाका बोलत होता. बाबाचा धाकटा भाऊ. इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो.

"वहिनी बरोबर बोलतायत, क्षितिजा. अगं, आमच्याकडे पार्टमध्ये फॉल्ट निघाला तर गाड्यांचा रिकॉल काढतात. मेलेल्या इंजिनियरचा नाही काढत."

"काका, हा रिकॉल नाहीये."

"मग काय आहे? दादानं एकदा सांगितलं, भोगलं, संपलं. तुला आता काय मिळवायचंय त्यातनं?"

काय मिळवायचं होतं ते मला फोनवर सांगता आलं नसतं. "नंतर करते," म्हणून मी फोन ठेवला.

बाबा पुण्यात भूशास्त्र शिकला. सह्याद्रीचा कातळ म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गोठलेला लाव्हा. तो म्हणायचा, "पोस्टमॉर्टेम करून कंटाळलो, म्हणून जिवंत पेशंट बघायला इकडे आलो." पण जिवंत डोंगर त्यानं जवळून पाहिला फक्त दोनदा. बाकी सगळं वरून. सुरुवातीला कागदी छायाचित्रं यायची. एकाच उताराची, थोड्या वेगळ्या जागेवरून घेतलेली दोन चित्रं तो दोन भिंगांच्या चौकटीखाली ठेवायचा आणि डोंगर कागदातून वर उठायचा. लहानपणी मला एकदा दाखवलं होतं. मी हात पुढे केला तर बोट टेबलाला लागलं.

पुढे उष्णता टिपणारे कॅमेरे आले. मध्य अमेरिकेतले तीन डोंगर बाबाकडे होते. त्यांना तो थोरला, मधला आणि धाकटी म्हणायचा. "आज धाकटीचं अंग जरा कोमट आहे," असं तो जेवताना सांगायचा, आणि आई विचारायची, "औषध दिलंत का?"

ही चित्रं सूर्य उगवायच्या आधी घ्यावी लागतात. दिवसभर तापलेला खडक रात्रीतून निवतो. पहाटे जो गरम, तो आतून गरम. सूर्य एकदा वर आला की आतली ऊब कुठली आणि उन्हाची कुठली, हे सांगणं अवघड. तिथली पहाट म्हणजे इथली दुपार. त्यामुळे बाबा कधी दोनच्या आत जेवला नाही. चित्रं यायची, तो बघायचा, तिथल्या वेधशाळेला दोन ओळी पाठवायचा आणि मग डबा उघडायचा.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी धाकटीचा पूर्वेचा उतार तापलेला दिसला. आठवडाभर तिथे बारीक धक्केही बसत होते. बाबानं लगेच कळवलं. संध्याकाळपर्यंत चार गावं उठवली गेली. तीन हजारांवर माणसं अकरा दिवस शाळांमध्ये आणि तंबूंत राहिली. पाऊस पडला, थंडी पडली. धाकटी मात्र गप्प राहिली.

बाराव्या दिवशी बाबानं ती चित्रं पुन्हा काढली. चित्राच्या नावात उड्डाणाची ठरलेली वेळ असते, प्रत्यक्ष घेतल्याची वेळ आतल्या नोंदीत. त्यानं फक्त नाव पाहिलं होतं. धुक्यामुळे विमान दोन तास उशिरा निघालं होतं, आणि चित्र घेतलं तेव्हा सूर्य वर येऊन पाऊण तास झाला होता.

त्या संध्याकाळी तो घरी येऊन आईला एवढंच म्हणाला, "डोंगर तापला नव्हता. ऊन पडलं होतं."

कुणाला काही कळलं नव्हतं. वेधशाळेनं उलट आभाराचं पत्र पाठवलं होतं. इशारे पुष्कळदा वाया जातात, कुणी त्याचा हिशोब मागत नाही. बाबानं चार पानी अहवाल लिहून वर दिला. महिन्याभरात इशाऱ्यांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. तो विभागप्रमुख होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, तेही गेलं. पुढची चौदा वर्षं, निवृत्तीपर्यंत, त्यानं जुनी चित्रं लावली, नावं दिली, याद्या केल्या. थोरला, मधला, धाकटी हे शब्द आमच्या घरातून गेले.

मी सोळा वर्षांची होते. मोठं घर घ्यायचं ठरलं होतं, ते राहिलं. मी जर्मनमध्ये ओरडले होते, कारण भांडताना मला मराठी पुरायची नाही. "तू गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?" बाबा संत्रं सोलत होता. त्यानं फोडी माझ्या ताटात ठेवल्या आणि उठून गेला. नंतर त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्या सकाळी कळलं. आंकेंनी मजकुरासोबत बाबाचा तो जुना अहवालही पाठवला होता, मी मागितला म्हणून. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: 'त्या दिवशी बारा ते तीन मी जागेवर नव्हतो. कारण खासगी. त्यामुळे चित्रं नेहमीपेक्षा उशिरा आली हे माझ्या लक्षात आलं नाही.'

मी तारीख पुन्हा पाहिली. त्या मंगळवारी आमच्या शाळेत गणिताच्या बाईंनी त्याला बोलावलं होतं. मी नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसणार, अशी पाळी आली होती. तो कोट घालून आला होता आणि बाईंसमोर ताठ बसून म्हणाला होता, "ती हुशार आहे. मी तिला वेळ देत नाही, चूक माझी आहे."

मी लॅपटॉप आईकडे वळवला आणि ती ओळ दाखवली. तिनं चष्मा लावून सावकाश वाचली.

"हं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मला विचारूनच लिहिलंय ते. मी म्हटलं, पोरीची शाळा त्यात कशाला? तर म्हणाले, खासगी लिहितो, बास."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"सोळा वर्षांच्या मुलीला सांगायचं? काहीतरीच."

"आई, म्हणून ते वाक्य राहू दे. नाहीतर गुरुवारी सगळे उभे राहून म्हणतील, अचूक माणूस होता. तो नव्हता. एकदा चुकला आणि त्यानं ते सांगितलं. माझ्यासाठी तेवढंच शिल्लक आहे."

आईनं मेथीची जुडी पुढे ओढली आणि पानं खुडायला लागली.

"दर सर्वपित्रीला मी एक पान जास्त वाढायचे, आठवतं?" ती म्हणाली. "तू विचारलं होतंस, हे कुणाचं. मी म्हटलं, माहेरचं."

"हो."

"माहेरचं नव्हतं. तिथं तंबूत एक म्हातारी गेली. न्यूमोनिया. एउलालिया नाव तिचं. ह्यांनी कुठूनशी छावणीतल्या माणसांची यादी मिळवली, तेव्हा कळलं. देवाधर्माचं काही न करणारा माणूस, पण मला म्हणाले, सुरेखा, एक पान वाढशील का? त्यांच्यात हे असतं की नसतं, कोण जाणे." आईनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "पहिल्या वर्षी मी पुरणपोळी केली, तर म्हणाले, गोड चालत असेल का तिला?"

मला हसू आलं आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. आईनं मेथीचे हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले.

"लिहायचंच असेल तर अर्धवट नको लिहू," ती म्हणाली. "'इशारा चुकीचा ठरला' म्हणजे काय? हवामान खात्याचा पण ठरतो. तिचं नाव लिही."

मी लिहिलं: 'त्या अकरा दिवसांत एउलालिया नावाच्या एका वृद्धेचा छावणीत मृत्यू झाला. ते तिला विसरले नाहीत.' अकरा पन्नासला पाठवलं. दोन मिनिटांत आंकेंचा फोन आला.

"आल्झो, फ्राऊ पेंढारकर. त्यांच्या चुकीचा उल्लेख मला मान्य आहे. आवडलासुद्धा. पण त्या बाईंचं नाव... डाटेनशुत्स, खासगी माहितीचा कायदा. परवानगीशिवाय..."

फोन स्पीकरवर होता. आईला जर्मन बोलता येतं, पण ती सहसा बोलत नाही. ती पुढे वाकली. "सोळा वर्षं ती आमच्या घरी जेवली," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तिला चालेल."

मग आंके म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर. नुसतं पहिलं नाव आहे, आडनाव नाही. राहू दे."

शोकसभा झाली. बोलणाऱ्यांपैकी कुणी ते वाक्य वाचून दाखवलं नाही, पण ते छापलेलं होतं.

पुढच्या सोमवारी मी बाबाचं उरलंसुरलं सामान आणायला संस्थेत गेले. आंके बैठकीत होत्या. बाबाच्या जुन्या खोलीत आता एक नवी संशोधक बसते, पहिल्या तारखेला रुजू झालेली. तिनं मला खुर्ची दिली, शोक व्यक्त केला आणि संकोचून पुन्हा कामाकडे वळली. तिच्या टेबलावर गुरुवारचं पत्रक होतं. त्यावर कॉफीचा मग होता.

दुपारचे साडेबारा झाले होते. पडद्यावर चित्रं आल्याची खूण झाली. तिनं त्यावर टिचकी मारली, पण चित्र उघडलं नाही. एक चौकट उघडली. दोन रकाने: डोंगरावरच्या सूर्योदयाची वेळ, आणि चित्र प्रत्यक्ष घेतल्याची वेळ, आतल्या नोंदीवरून. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'जून २००९पासून सक्तीचं.'

"हे रोज भरावं लागतं?" मी विचारलं.

"रोज. प्रत्येक चित्राला." तिनं वैतागून मान हलवली. "दोन्ही आकडे हातानं टाकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही."

"कुणी घातलं?"

"काय माहीत. मी आले तेव्हा होतंच."

तिनं तक्ता काढला, सूर्योदयाची वेळ शोधली, लिहिली. मग नोंद उघडली, वेळ पाहिली, लिहिली. बोट ठेवून दोन्ही आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. चौकट मिटली आणि धाकटीचा पूर्वेचा उतार पडद्यावर आला, पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळा आणि थंड.