शिट्टी वाजेपर्यंत

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, हिची ती काय मोठी कहाणी असणार! मूर्ती लहान, पोटात बुचाची एक गोळी. पण एका चिमुकल्या देशातली किती मुलं माझ्या आवाजावर धावली आणि माझ्याच आवाजावर थांबली, हे मलाही सांगता यायचं नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका दणक्यात मला वाकवलं, दुसऱ्यात जोडलं, पोटात गोळी ढकलली. तपासणाऱ्या बाईंनी मला ओठांत धरून फुंकलं आणि मी अशी काही किंचाळले की त्या स्वतःच दचकल्या! मला फार अभिमान वाटला. पण त्यांनी मला खाली ठेवलं आणि मी पुन्हा मुकी. आवाज माझा असला तरी श्वास दुसऱ्याचा लागतो, हे तेव्हाच कळलं.

पुढे मी डोंगरावरच्या एका गावातल्या सरांच्या गळ्यात पडले. सर लांब पल्ल्याच्या धावण्याचे शिक्षक. गाव उंचावर, हवा विरळ, जिकडे बघावं तिकडे चढ. आमच्या मैदानावर एकच नियम होता : शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. आधी थांबलं तर सर रागवायचे नाहीत, मारायचे तर मुळीच नाहीत. पण गाव एवढंसं, की मूल घरी पोहोचायच्या आत बातमी बेकरीपर्यंत पोहोचलेली असायची. पाव बांधता बांधता बेकरीवाला विचारायचा, "काय, आज शिट्टीआधीच का?" एवढं पुरायचं. दुसऱ्या दिवशी ते मूल दातओठ खाऊन धावायचं.

त्या मैदानातून जिंकणारे निघाले. त्यांचे फोटो भिंतीवर लागले. सर कौतुकाने मला सदऱ्याला पुसत आणि म्हणत, "ही खरी लक्ष्मी आमची!" मीही फुगून जायचे.

याच मैदानावर एक मुलगी यायची. काटकुळे पाय, मोठे डोळे. सगळे तिला टिटवी म्हणत. तिची आई मैदानासमोरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. हात कपड्यांवर, डोळे खिडकीबाहेर. लेकीच्या नुसत्या चालण्यावरून तिला कळायचं, आज पोरगी जेवली आहे की नाही.

एक दिवस आई स्वतः मैदानावर आली. "सर, काल हिचं अंग तापलं होतं. आज म्हणते बरं आहे, पण मला काही हिचे डोळे बरे दिसत नाहीत."

"आई, काहीतरीच काय गं!" टिटवी लाजून म्हणाली.

"हलकंच पळू दे तिला," सर म्हणाले. "माझं लक्ष आहे. दोन फेऱ्या झाल्या की शिट्टी देतो."

टिटवी धावू लागली. तेवढ्यात बाहेरदेशीचे दोन पाहुणे कॅमेरा घेऊन आले.

"एवढासा देश, नकाशावर बोट ठेवलं की झाकून जातो," पाहुणीने विचारलं. "मग असे धावपटू निघतात तरी कुठून? खाता काय तुम्ही?"

"मिळेल ते!" सर हसले आणि रंगात आले. "हवा विरळ, त्यामुळे छाती कमावली जाते. चढ तर पाचवीला पुजलेले. शिवाय दुसरं करणार काय इथं? आणि खरं सांगू का, गाव लहान असल्याचा फायदा होतो. जगात पहिली आलेली बाई आमच्याच रांगेत पाव घ्यायला उभी असते. पोरींना वाटतं, हिचं नाक तर माझ्यासारखंच गळतंय, मग मला का जमू नये?"

सगळे हसले. मी सरांच्या छातीवर हलत होते आणि मला समोरची वाट दिसत होती. दोन फेऱ्या कधीच झाल्या होत्या. टिटवी दर वेळी जवळून जाताना माझ्याकडे बघायची. सरांकडे नाही, माझ्याकडे. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी आतून ओरडत होते, सर, फुंका हो, एकदा फुंका! पण माझ्या पोटातली गोळी जागची हलली नाही.

लॉन्ड्रीतून आई धावत आली. "बास कर गं! थांब!"

"शिट्टी नाही झाली अजून!" टिटवी धापा टाकत म्हणाली आणि पुढे गेली.

आईने सरांचं बोलणं तोडलं, माझी दोरी खेचली आणि जीव एकवटून फुंक मारली. मी वाजले. पण ती घाबरलेली, तुटकी फुंक होती. सरांची फुंक लांब असायची. टिटवीने मान वळवून आईच्या हातात मला पाहिलं आणि ती धावतच राहिली. आईने थांबवलं, तर आमच्या गावात ते शिट्टीआधीच थांबणं धरत. सरांनी मला हिसकून घेतलं, ओठांशी नेलं. तोवर ती वळणावर कोसळली होती.

ती वाचली, मित्रांनो. पण अंगात ताप असताना धावल्याने हृदयाला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, आता धावणं नाही. जिनासुद्धा सावकाश चढायचा.

काही महिन्यांनी पाहुण्यांनी त्यांची फिल्म पाठवली. शाळेच्या सभागृहात सगळं गाव जमलं. पडद्यावर सर हसत बोलत होते, मी त्यांच्या गळ्यात चमकत होते आणि मागून एक काटकुळी मुलगी पुन्हा पुन्हा धावत जात होती. निवेदक म्हणाला, "हीच ती जिद्द!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयच ती. सरांनी मान खाली घातली. टिटवीची आई उठली, लेकीचा हात धरला आणि दोघी पायऱ्या एकेक करून उतरत बाहेर गेल्या. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

त्यानंतर सरांनी मला कपाटात ठेवलं. मैदानावर आता नवी शिट्टी आहे. तिचा आवाज माझ्याहून मोठा आहे म्हणे.

मित्रांनो, खूप धावा, चढ चढा, जिंका. पण छाती दुखली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा. कोणी हसलं तर हसू द्या. आणि आईची हाक आली तर ती शिट्टी समजून थांबा. आमची वाट बघू नका. आम्हा शिट्ट्यांना सगळं दिसतं हो, पण स्वतःचा श्वास नसतो.