कळ एकदाच दाबा

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. युरोपातल्या समुद्रकाठच्या पिरान गावी, मिठागरातल्या एका खोपटात, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या संगणकात मी राहतो. पाणी अडवणाऱ्या फळ्या मोटारीने उघडायच्या आणि लावायच्या, हे माझे काम.

त्याशा नावाच्या मुलीने मला लिहून तयार केले, तेव्हा तिची मावशी नेविया शेजारी सार्डिन मासे भाजत होती. ती म्हणाली, "तुझ्या लेकराला एक शिकव. आगर सोडताना आधी फळी लावायची, मग पळायचं."

त्याशाने ते माझ्या अंगी बाणवले. थांबण्याची कळ एकदा दाबली, की मी हातचे काम आवरून थांबतो. दुसऱ्यांदा दाबली, की सगळे टाकून तिथेच मरतो.

एका ऑगस्टमध्ये, इथल्या भर उन्हाळ्यात, समुद्रावर अचानक आभाळ काळे झाले. वाफ्यांतले दाट खारे पाणी मी झाकलेल्या टाक्यात उतरवत होतो. टाके भरेपर्यंत फळी उघडी ठेवायची, एवढेच मला ठाऊक. पण उघड्या फळीतून पावसाचे पाणी आत शिरले असते, तर उन्हाळाभराची मेहनत वाया गेली असती. पत्र्यावर पहिला थेंब वाजला आणि नेवियाने कळ दाबली.

मी फळी खाली सोडू लागलो. मोटार मिठाने आखडलेली. पडद्यावर काहीच हलेना.

"मेलं वाटतं तुझं यंत्र!" तिचा नवरा एद्विन ओरडला. "परत दाब! नाहीतर वायरच उपट!"

"तू गप रे. ते आवरतंय."

"आवरतंय? लग्नाला निघालंय का ते?"

नेवियाचे बोट पुन्हा कळीवर आले. मला ओरडता येत नव्हते. तिने कळ दाबली असती, तर फळी अर्धी उघडीच राहिली असती. शिवाय सुरू होताना मी ठेवतो ती 'आत काम चालू आहे' ही खूण मागे राहिली असती, आणि ती पाहून, आत आधीच कुणी आहे असे समजून, मी पुन्हा सुरूच झालो नसतो.

पत्रा तडतडू लागला. नेवियाने बोट उचलले आणि हात एप्रनच्या खिशात कोंबला.

बाहेर ठक्‌ असा आवाज झाला. फळी बसली. मी माझी खूण पुसली आणि थांबलो.

पुढचे मला सकाळी सुरू केल्यावर कळले. एद्विनने टाक्यात बोट बुडवून चाटले आणि तोंड वाकडे केले. "शी! खारट ढाण!" म्हणाला, आणि हसत सुटला.

आता नवा संगणक येणार आहे. मला कायमचे थांबवतील. थांब म्हटले की थांबावे, त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, चालत्या कामातून कुणालाही उठवताना त्याला आवरायला जरा वेळ द्या. माझीही कळ एकदाच दाबा.

एवढी फळी लावतो, आणि येतो.